दिव्याखाली अंधार नको!

गेल्या महिन्यात तुमची जी पत्रं आली, त्यांतल्या तीन पत्रांत एकच प्रश्न होता. "मेक्सिकोचे दिवे फार सुरेख असतात म्हणे. मुलगी तिकडे असते, सुट्टीत येताना तिला आणायला सांगू का? जुने घ्यावेत की नवे?" आमच्या ह्यांच्या नोकरीपायी आम्ही तीन वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या केरेतारो गावी बिऱ्हाड थाटलं, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार मला आहे असं तुम्हांला वाटलं असेल. आहेही, पण तो मी चुका करून मिळवलेला आहे! त्यांतली सगळ्यांत मोठी चूक आज सांगते, म्हणजे तुमची तरी टळेल.

आम्ही इथे भाड्याचं घर घेतलं तेव्हा भिंती जाडजूड, पांढऱ्याशुभ्र आणि प्रत्येक खोलीच्या छतातून लोंबणारी एक वायर, टोकाला उघडा बल्ब. घरमालकीण म्हणाली, "दिवे तुमच्या आवडीचे लावा." मी मनातून हरखले. माहेरी आणि सासरीही खोलीच्या मधोमध एक ट्यूबलाइट, बटण दाबलं की सगळी खोली लख्ख. आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. इथे मात्र हौस भागवायची संधी चालून आली होती. दिव्यांसाठी म्हणून ह्यांनी काही पैसे बाजूला काढून दिले आणि पुढच्याच रविवारी आम्ही निघालो सान मिगेल दे आयेंदेला.

हे जुनं, चढउताराच्या गल्ल्यांचं गाव आमच्यापासून तास-सव्वा तासावर आहे. पत्र्याच्या कामासाठी ते नावाजलेलं. कल्हई केलेला पातळ पत्रा कातरीनं कापायचा, त्यावर छिन्नी-हातोडीनं भोकाभोकांची नक्षी ठोकायची आणि कडा झाळून जोडायच्या. त्याचे आरशांच्या चौकटी, पेट्या आणि दिवे करतात. या कामाला इथे 'ओहालाता' म्हणतात. दुकानात छतापासून खालपर्यंत चांदण्या, गोळे, कंदील टांगलेले. दिवाळीचा आकाशकंदीलच आठवला मला! मोठी, बारा टोकांची एक चांदणी घेतली आणि दिवाणखान्यात लावली. संध्याकाळी बटण दाबलं, तर भिंतींवर, छतावर उजेडाच्या ठिपक्यांची रांगोळी उमटली. येणारंजाणारं प्रत्येक जण "वा!" म्हणायचं. मग मी झोपायच्या खोलीत तसाच एक गोळा लावला आणि बोळात दोन कंदील. पैसे संपले, हौस फिटली.

त्यानंतर वर्षभरानं सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांचा नेम असा, की संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की तासभर पोथी वाचायची. मग वाती वळत बसायचं. पहिले चारआठ दिवस त्या दिवाणखान्यात पोथी घेऊन बसल्या. नंतर पोथी दिसेना. वातींचा डबाही उघडेना. जेवणं होईपर्यंत हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहायच्या. मी विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" तर म्हणाल्या, "छे गं, कंटाळा आलाय." मला वाटलं, घरची आठवण येत असेल. परमुलूख, बोलायला माणूस नाही. ह्यांनाही तसंच वाटलं. तिकीट अलीकडचं करून द्यावं का, असं आमचं दोघांचं बोलणंही झालं.

एकदा रात्री पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात उजेड. जाऊन पाहते तो काय, सासूबाई ओट्यापाशी उभ्या, आणि शेगडीवरच्या चिमणीतला जो छोटासा दिवा असतो ना, त्याच्या उजेडात पोथी धरून वाचताहेत! बहात्तर वर्षांची बाई, पाय सुजलेले, आणि उभ्यानं.

मला काही सुचेना. म्हटलं, "आई, अहो हे काय?"

तर ओशाळून म्हणाल्या, "माझे डोळे गेले बघ आता. बाहेर बसलं की अक्षर लागत नाही. तुम्हांला सांगून काय करू? डॉक्टर, खर्च, परक्या गावात कुठे धावपळ करायची?"

"पण मग दिव्याबद्दल तरी बोलायचंत."

"तू इतक्या हौसेनं आणलाहेस. छान आहे गं दिवा. त्याला उगाच नाव कशाला ठेवायचं?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या घरात एक माणूस महिनाभर स्वतःला आंधळं समजत होतं, आणि मी पाहुण्यांकडून दिव्याचं कौतुक करून घेत होते. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण मी शाळेत मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगत असे. ती माझ्याच दिवाणखान्यात टांगलेली होती!

दुसऱ्या दिवशी आधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. हे मात्र कुणी चुकवू नका. अक्षर लागेनासं झालं तर दिवा बदलण्याआधी डोळे तपासायचे. डॉक्टरीणबाईंनी सगळं पाहिलं. चष्म्याचा नंबर ठीक होता, वयाच्या मानानं डोळेही ठीक होते. त्यांनी एवढंच विचारलं, "या वाचायला कुठे बसतात? दिवा कुठे असतो?" मी चांदणीचं वर्णन केलं तशा त्या हसल्या. साठीच्या पुढच्या डोळ्याला तरुण डोळ्याच्या दुपटीतिपटीनं उजेड लागतो, आणि तोही पुस्तकावर, भिंतीवर नव्हे, असं त्यांनी समजावलं.

पत्र्याच्या चांदणीतून उजेड येतो तो भोकांतून, तेवढाच. बाकीचा पत्रा अडवून धरतो. वर तो ठिपक्याठिपक्यांनी येतो, म्हणजे एका ओळीवर उजेड, दुसरीवर सावली. शोभेला सुरेख, वाचायला निरुपयोगी. यात दिव्याचा काही दोष नाही. तो बोळासाठी, अंगणासाठी, जेवणानंतर गप्पा मारायच्या कोपऱ्यासाठी केलेला असतो. मी त्याला भलत्या कामाला जुंपलं होतं.

यानंतर काही दिवसांनी आम्ही मेक्सिको शहरात गेलो असताना लुईस बारागान यांचं घर पाहिलं. बारागान (१९०२–१९८८) हे मेक्सिकोचे थोर वास्तुशिल्पी. १९८० साली त्यांना वास्तुकलेतलं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं. ताकुबाया भागातलं १९४८ सालचं हे त्यांचं स्वतःचं घर २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आधी वेळ ठरवून जावं लागतं. मी गेले होते गुलाबी भिंती पाहायला, आणि पाहत राहिले दिवे. छताला मधोमध टांगलेला दिवा त्या घरात जवळजवळ दिसतच नाही! जिथे माणूस बसणार, तिथे खुर्चीच्या शेजारी, टेबलावर, बुटका साधा शेडचा दिवा. जिन्याच्या वळणावर माथियास गोएरित्झ या कलावंताचा सोनेरी वर्खाचा मोठा फलक आहे. वरच्या खिडकीतला उजेड त्यावर पडतो आणि मऊ होऊन खाली उतरतो. म्हणजे खोलीत मंद उजेड, आणि काम असेल तिथे नेमका दिवा. एवढ्या मोठ्या माणसानं आधी खुर्ची ठरवली आणि मग दिवा. मी नेमकं उलटं केलं होतं.

तेव्हा पहिला आणि शेवटचा नियम हाच धरा. दुकानात जाण्याआधी घरात एक संध्याकाळ नुसतं फिरून बघा. कोण कुठे बसतं? हातात काय असतं? पुस्तक, सुई, तांदळाचं ताट की नुसता चहाचा कप? ते कागदावर लिहा. मग दिवे निवडा. आता कोणत्या कामाला कोणता मेक्सिकन दिवा, ते क्रमानं सांगते.

वाचायला, शिवायला : इथे मला प्वेब्लाच्या तालावेराच्या बैठकीचा दिवा सगळ्यांत पसंत पडला. तालावेरा म्हणजे पांढऱ्या झिलईवर निळ्या-पिवळ्या रंगांची नक्षी काढलेली चिनी मातीसारखी भांडी. प्वेब्ला आणि त्लास्कालाच्या या कारागिरीची नोंद २०१९ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत झाली. खऱ्या तालावेराच्या बुडाशी कारखान्याचं नाव हातानं लिहिलेलं असतं, ते पाहून घ्या. अशा बरणीवर साधी, फिकट कापडाची रुंद शेड चढवली की उजेड खाली पुस्तकावर पडतो आणि कापडातून गाळून आजूबाजूलाही पसरतो. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला हवी, म्हणजे जमिनीपासून साधारण ४० इंच. त्याहून उंच गेली तर बल्ब डोळ्यांत खुपतो. फार खाली आली तर उजेड मांडीपर्यंतच राहतो. आणि दिवा जवळ असू द्या. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, हे शाळेत शिकलेलं विसरू नका.

जेवणाच्या टेबलावर : इथे टांगता दिवा शोभतो. हल्लीच्या मेक्सिकन आरेखनकारांनी याच जागेसाठी फार चांगलं काम केलं आहे. डेव्हिड पोम्पा यांच्या मेक्सिको शहरातल्या कार्यशाळेत वाहाका प्रांतातल्या काळ्या मातीचे आणि ज्वालामुखीच्या दगडाचे टांगते दिवे करतात. आकार अगदी साधे, नक्षी नाही, सगळी गंमत त्या मातीच्या पोतात. उजेड सरळ खाली ताटावर येतो. असा दिवा टेबलापासून ३० इंचांवर टांगावा, म्हणजे समोरच्याचं तोंडही दिसतं आणि डोकंही आपटत नाही. किंमत पत्र्याच्या दिव्याच्या कैक पट असते, हे आधीच सांगून ठेवते.

या काळ्या मातीची गोष्ट मला फार आवडते. वाहाकातलं सान बार्तोलो कोयोतेपेक हे कुंभारांचं गाव. तिथली भांडी पूर्वी राखाडी, मंद रंगाची आणि पाणी, मद्य भरून ठेवण्याइतकी पक्की असत. १९५० च्या दशकात दोन्या रोसा या कुंभारणीला ('दोन्या' म्हणजे आपल्याकडे 'बाई' म्हणावं तसं) असं आढळलं, की भाजण्याआधी भांडं गारेच्या दगडानं घासलं आणि आच थोडी कमी ठेवली, तर ते काळंभोर, चकचकीत निघतं. मात्र अशा भांड्यात पाणी टिकत नाही! कामाचं भांडं शोभेचं झालं, पण त्यातून गावाला पोटापाण्याचा नवा धंदा मिळाला. मग अंगावर जाळी कोरलेली भांडी निघाली, आणि जाळी आली की आत दिवा आलाच. दोन्या रोसा १९८० मध्ये वारल्या, त्यांच्या घरच्यांनी ते काम पुढे चालवलं. असा जाळीचा दिवा घेताना एवढंच लक्षात ठेवा, की काळी माती उजेड पिऊन टाकते. कोपऱ्यात ठेवा, पोथीपाशी नको.

बोळ, जिना, अंगण : इथे आपली पत्र्याची चांदणी खुशाल लावा. घेताना कडांवरून अलगद बोट फिरवून बघा, पत्रा धारदार राहिला असेल तर मुलांच्या हाताला लागतो. बल्ब बदलायला दार आहे का आणि हात आत जातो का, हेही पाहा. माझ्या गोळ्याचं दार इतकं लहान निघालं, की बल्ब बदलायला शेजारच्या मुलीला बोलवावं लागतं!

आता जुन्या दिव्यांविषयी. मेक्सिको शहरात लागुनिया नावाचा रविवारचा जुना बाजार भरतो. तिथे डोळे फिरतात. गेल्या शतकाच्या मध्यावर इथे फार उत्तम काम झालं. पेपे मेंदोसा यांचे पितळेचे दिवे आणि मुठी पाहा, पितळेत निळ्या-हिरव्या रंगाची चिनी माती बसवलेली. फेलिपे देरफ्लिंगर यांच्या 'फेदेर्स' कार्यशाळेचे १९६०-७० च्या दशकांतले दिवे पाहा, लोखंडी पिंजऱ्यात काच फुंकलेली, जाळीतून फुगून बाहेर आलेले रंगीत फुगे जणू. क्यूबात जन्मलेल्या आणि मेक्सिकोच्या झालेल्या क्लारा पोर्सेत यांनी १९५२ साली मेक्सिको शहरात 'रोजच्या जगण्यातली कला' या नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. त्यात हातानं केलेल्या आणि यंत्रावर केलेल्या घरगुती वस्तू शेजारीशेजारी मांडल्या होत्या. नाव पाहा किती नेमकं! घरातली वस्तू सुंदर हवी, पण ती रोजची हवी.

अशा नामवंतांच्या नावानं नकलाही पुष्कळ फिरतात. मीही फसले. एका विक्रेत्यानं 'पन्नास वर्षांचा' म्हणून दिलेला पितळी दिवा घरी आणून पुसला, तर काळेपणा फडक्यावर आला आणि खाली कोरं करकरीत पितळ! तेव्हापासून मी काय पाहते, ते सांगते. खरा जुनेपणा खाचाखोचांत असतो, हात लागतो तिथे धातू उजळलेला असतो. सगळीकडे सारखाच काळा असेल तर संशय घ्या. दिवा उलटा करून बुडाचे स्क्रू पाहा, सगळे नवे आणि एकसारखे असतील तर विचारा. नाव किंवा 'एचो एन मेहिको', म्हणजे मेक्सिकोत बनवलेला, असा ठसा असला तर चांगलंच, पण नुसत्या ठशावर पैसे मोजू नका. काचेला टिचकी मारून बघा, तडा गेलेली काच बद्द वाजते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, जुन्या दिव्यातली वायर जुनी ठेवू नका. कापडाच्या वेष्टनाची, कडक झालेली वायर मोडते आणि धातूच्या अंगात वीज उतरते. दिवा जुना, पण वायर आणि होल्डर नवे, असा शिरस्ता ठेवा.

आता लेकीबरोबर दिवा मागवणाऱ्यांसाठी. मेक्सिकोत घरगुती वीज १२७ व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. म्हणून तिथले बल्ब आणू नका, बहुतेक वेळा लावताक्षणी उडतील. नुसता दिवा आणा. तिथला होल्डर आट्यांचा असतो, म्हणजे बल्ब पिळून बसवायचा. आपल्याकडचा नेहमीचा बल्ब दोन खुंट्यांचा, दाबून फिरवायचा. तो त्यात बसणार नाही. तिथल्या प्लगच्या पट्ट्या चपट्या असतात, त्याही आपल्या भिंतीत जात नाहीत. तेव्हा गावातल्या वायरमनला बोलावून वायर, प्लग आणि होल्डर इथले बसवून घ्या, आणि पत्र्याचा किंवा पितळेचा दिवा असेल तर अर्थिंगची तिसरी वायर जोडायला सांगायला विसरू नका. आतले विजेचे भाग काढून बदलले, की उरतो तो निव्वळ कारागिरीचा ऐवज, आणि तोच तर आपल्याला हवा असतो. ज्यात इलेक्ट्रॉनिक भाग आतच बसवलेले असतात असे नवे दिवे मागवताना मात्र त्यावर २३० व्होल्ट चालतील असं लिहिलेलं आहे ना, हे लेकीला आधी वाचायला सांगा. चिनी मातीचा दिवा पेटीत कपड्यांच्या मधोमध, बरणीच्या आतही मोजे कोंबून बांधावा.

बल्ब कोणता? पूर्वीच्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड आता आठ-नऊ वॅटचा एलईडी देतो. खोक्यावर ८०० ल्युमेन लिहिलेलं असतं. वाचायला एवढा तरी हवाच. रंगासाठी २७०० केल्व्हिन लिहिलेला घ्या, त्याचा उजेड पिवळसर, समईच्या जातीचा. ६५०० चा निळसर पांढरा उजेड माती, पितळ आणि रंगीत काच यांची सगळी रया घालवतो.

सासूबाईंचं काय झालं, ते राहिलंच. मी इथल्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस इंग्रजी शिकवते. त्या पगारातून एक तालावेराचा दिवा आणला, पांढऱ्या शेडचा. खिडकीपाशी त्यांची खुर्ची, शेजारी स्टूल, स्टुलावर दिवा. त्या पहिल्या संध्याकाळी काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसला, पोथी उघडली आणि एक ओळ मोठ्यानं वाचून पाहिली. मग दुसरी. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, तिथवर आवाज येत होता. तिकीट अलीकडचं करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

चांदणी आम्ही अंगणात हलवली. सासूबाई जेवून तिच्याखाली शतपावली घालायच्या आणि म्हणायच्या, "आता बघ, किती शोभते!"

तर आज संध्याकाळी दिवा लावलात की घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचाराच, "अक्षर लागतं ना नीट?" ती आपण होऊन सांगणार नाहीत.